वाचता येते, बोलता येत नाही

नवापूरचे रेल्वे स्थानक हे सुरत-भुसावळ मार्गावरील एक कौतुकाचे स्थानक आहे. १९६० साली द्वैभाषिक मुंबई राज्याची वाटणी झाली तेव्हा दोन राज्यांची सीमा ह्या स्थानकाच्या मधूनच गेली. तिकिटे महाराष्ट्रात मिळतात आणि स्टेशन मास्तर गुजरातेत बसतात. फलाटावरचे एक बाकडे तर निम्मे ह्या राज्यात आणि निम्मे त्या राज्यात आहे. सूचना मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांतून दिल्या जातात. गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशाला त्याचे क्षणभर अप्रूप वाटते आणि मग तो चहाकडे वळतो. परंतु अशा फलकासमोर एखादे असेही मूल उभे राहू शकते, की जे अवघे तीन वर्षांचे आहे, ज्याला कोणी अक्षर शिकविलेले नाही आणि जे तेथून हलावयास तयार नाही. फलकावरील मराठी ते घडघडा वाचते, गुजराती अक्षरे हवेत बोटाने गिरविते. आईने हाक मारली तर मात्र ते मान वळवीत नाही. तहान लागली तर पाणी मागत नाही. आईचा हात धरते आणि तो हात जणू एखादे अवजार असावे अशा रीतीने पाण्याच्या बाटलीवर नेऊन ठेवते.

ह्या अवस्थेला १९६७ साली अमेरिकेतील नॉर्मन आणि मार्गारेट सिल्बरबर्ग ह्या संशोधक दांपत्याने ‘हायपरलेक्सिया’ असे नाव दिले. मराठीत तिला रूढ शब्द नाही; ‘अतिवाचन’ म्हणून काम भागविता येईल. शब्द ओळखण्याची आणि उच्चारण्याची शक्ती वयाच्या कितीतरी पुढे, आणि वाचलेल्याचा अर्थ लावण्याची शक्ती त्या मानाने पुष्कळच मागे, असे तिचे स्वरूप असते. २०१७ साली ह्या विषयावरील संशोधनाचा एक विस्तृत आढावा प्रसिद्ध झाला. नोंदल्या गेलेल्या अतिवाचक मुलांपैकी शेकडा ऐंशीहून अधिक मुले स्वमग्न असतात आणि स्वमग्न मुलांपैकी शेकडा सहा ते वीस मुलांत ही शक्ती आढळते, असे त्यात म्हटले आहे. स्वमग्नतेचे प्रमाण जगभरात शंभर-सव्वाशे मुलांमागे एक असे सामान्यतः धरले जाते. म्हणजे अशी मुले फार नाहीत. पण नंदुरबारसारख्या, २०११ च्या जनगणनेप्रमाणे साडेसोळा लाखांच्या जवळपास वस्ती असलेल्या जिल्ह्यात ती मुळीच नसतील असे मानावयास काहीच आधार नाही. त्या जनगणनेत अपंगत्वाचे आठ प्रकार होते आणि स्वमग्नतेसाठी त्यांत स्वतंत्र रकाना नव्हता. जी मोजलीच गेली नाहीत ती कागदावर दिसणार कशी?

अशा मुलाच्या घरात काय घडते ते समजून घेण्यासारखे आहे. पहिली दोन वर्षे आईला काहीतरी चुकल्याचुकल्यासारखे वाटत असते. मूल डोळ्याला डोळा देत नाही. आकाशात विमान गेले तर ‘ते बघ’ म्हणून बोट दाखवीत नाही. ती हे बोलून दाखविते तेव्हा घरातील वडीलधारी माणसे समजूत घालतात की मुलगे उशिराच बोलतात. ह्याचा बापही चार वर्षांपर्यंत मुका होता. आणि मग एके दिवशी ते मूल भिंतीवरच्या कॅलेंडरातील वार वाचून दाखविते. त्या क्षणी आईची शंका हरते आणि घराचा आनंद जिंकतो. ज्याला वाचता येते त्याच्यात उणे काय असणार? पाहुणे आले की बाप वर्तमानपत्र पुढे करतो आणि ‘वाच रे’ म्हणतो. मूल मथळे वाचते, बाजारभाव वाचते, निविदासूचनाही वाचते. पाहुणा थक्क होतो आणि खिशातून दहाची नोट काढतो. पहिलीतल्या थोरल्या बहिणीला बाराखडी जमत नसते. ‘एवढासा भाऊ वाचतो आणि तू?’ हे वाक्य तिला दिवसातून दोनदा ऐकावे लागते. आई तेवढी स्वयंपाकघरातून ऐकत असते. पुस्तकातील ‘आई’ हा शब्द त्याने शंभरदा वाचलेला आहे. तिला उद्देशून तो त्याच्या तोंडून एकदाही आलेला नाही.

ही विलक्षण बुद्धी आहे की विकार आहे, हा प्रश्नच अशा वेळी चुकीचा ठरतो. वाचन ही एक शक्ती नसून दोन शक्तींचा गुणाकार आहे, असे फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर ह्या दोन अभ्यासकांनी १९८६ साली मांडले. लिपीची उकल ही एक आणि भाषेचे आकलन ही दुसरी. बेरीज नव्हे, गुणाकार. एक राशी शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असली तरी हाती शून्यच येते. बहुतेक मुलांना भाषा आधी येते आणि उकल मागाहून. अतिवाचक मुलात हा क्रम उलटा होतो. त्याला आकृतींच्या पुनरावृत्तीचे जबरदस्त आकर्षण असते, आणि अक्षरांइतके नेमाने पुन्हा पुन्हा येणारे दुसरे काय आहे? माणसाचा चेहरा क्षणोक्षणी बदलतो. ‘क’ मात्र कालही तसाच होता आणि उद्याही तसाच असेल.

त्यातून देवनागरी ही उकलीला सोपी लिपी. इंग्रजीत एकच शब्द संदर्भाप्रमाणे दोन प्रकारे उच्चारला जातो, अशा शब्दांचा उपयोग करून उटा फ्रिथ ह्या संशोधिकेने दाखविले की स्वमग्न मुले उच्चार ठरविताना वाक्याच्या अर्थाचा आधार इतर मुलांपेक्षा कमी घेतात. मराठी वाचनात ही उणीव उघडी पडण्याच्या जागाच थोड्या. ‘जग’ हा शब्द ‘विश्व’ ह्या अर्थी एका ‘ज’ने म्हणावयाचा आणि पाण्याचे भांडे ह्या अर्थी दुसऱ्या, ‘जरा’ म्हणजे ‘थोडेसे’ आणि ‘जरा’ म्हणजे ‘म्हातारपण’ ह्यांतही तोच भेद. अशी काही स्थळे सोडली तर मराठीत अर्थाशी काडीचा संबंध न ठेवता पानेच्या पाने शुद्ध वाचता येतात. आपल्याकडे त्याची परंपराही जुनी आहे. अर्थ न जाणता वेद म्हणणाऱ्याला यास्काने भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली, त्याअर्थी असे पाठक त्याच्याही काळी पुष्कळ असले पाहिजेत! त्या पाठकांची समाजात प्रतिष्ठा होती, हे विसरून चालणार नाही. स्पष्ट, अस्खलित उच्चार कानी पडला की आपण अर्थाची चौकशी करीत नाही.

नंदुरबारात तर ही चौकशी न होण्याला आणखी एक, फार सबळ, कारण आहे. १९९८ साली धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या ह्या जिल्ह्यात सुमारे शेकडा ६९ लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. घरातील बोली भिली, पावरी, मावची, कोकणी. सपाटीच्या गावांत अहिराणी आणि गुजरी. शाळेची भाषा मराठी. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातील मूल पहिलीत येते तेव्हा पुस्तकातील मराठी त्याला जवळपास परकी असते. ते अक्षरे शिकते, शब्द जुळविते आणि वाक्ये वाचू लागते. त्यांतील पुष्कळ शब्दांचा अर्थ त्याला ठाऊक नसतो. हा त्याचा दोष नव्हे. परक्या भाषेत वाचावयास शिकविलेल्या कोणत्याही मुलाचे हेच होईल. परंतु त्याचा परिणाम असा की अर्थावाचून वाचणे ही ह्या शाळांतून एक नेहमीची, अंगवळणी पडलेली स्थिती झाली आहे. पुण्यातील एखाद्या बालवाडीत मराठी घरातले मूल वाचते पण समजत नाही असे दिसले तर बाईंना निदान आश्चर्य वाटेल. तोरणमाळच्या वाटेवरील एखाद्या शाळेत ते वाटणार नाही, कारण वर्गातील निम्मी मुले तशीच वाचीत असतात. अतिवाचक मूल त्या निम्म्यांत मिसळून जाते; किंबहुना त्यांच्यात ते उजळून दिसते.

ह्यात भर पडते ती मोजमापाची. २०११ साली नंदुरबारची साक्षरता शेकडा ६४ च्या आसपास, म्हणजे महाराष्ट्रात सर्वांत कमी होती. अशा जिल्ह्यात शिक्षणाची सारी चिंता मुलाला वाचता येते की नाही ह्या एका प्रश्नाभोवती फिरावी हे स्वाभाविकच. २००५ पासून ‘असर’ची जी पाहणी देशभर होत आली, तिच्यात मुलापुढे अक्षरे, शब्द, पहिलीचा उतारा आणि दुसरीची गोष्ट ठेवून ती मोठ्याने वाचावयास सांगितली जाते. लाखो मुलांची स्थिती कळावी म्हणून ही सोपी कसोटी योग्यच आहे आणि तिने सरकारचे डोळे उघडले ह्यात शंका नाही. पण स्वमग्न अतिवाचक मुलाला ह्या कसोटीत वरची पायरी सहज मिळेल. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’च्या लांबलचक इंग्रजी नावात ‘समजेसह वाचन’ हे शब्द मुद्दाम घातलेले आहेत. ते शब्द वर्गापर्यंत पोहोचले तर ह्या मुलांचे हित होईल, आणि इतरांचेही.

मग गुरुजींनी अथवा अंगणवाडी सेविकेने ओळखावे तरी कसे? त्यासाठी महाग साधन लागत नाही. मुलाची घरची बोली येणारे एक माणूस लागते. जे मूल मराठी उतारा वाचते पण समजत नाही, त्याला तीच गोष्ट मावचीत किंवा पावरीत सांगून पाहावी. नुसता भाषेचा अडसर असेल तर त्याचे डोळे लगेच लकाकतात. ते हसते, मध्येच प्रश्न विचारते, शेजारच्या पोराची चहाडी करते. हे त्याच्या घरच्या बोलीतही घडत नसेल, हाक मारली तर ते वळत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी परत म्हणत असेल, तर अडसर मराठीचा नव्हे. अशा मुलांच्या बोलण्यात ‘मी’ आणि ‘तू’ ह्यांची अदलाबदल पुष्कळदा आढळते. पाणी हवे असले की मूल ‘तुला पाणी पाहिजे?’ असे म्हणते, कारण पाणी मिळते त्या वेळी त्याने हेच शब्द ऐकलेले असतात. मराठीत तर क्रियापदालाही लिंग आहे. आईच्या तोंडचे ‘मी येते’ हे एखादा मुलगा वर्षानुवर्षे तसेच म्हणत राहू शकतो. घरचे त्यावर हसतात. ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

लवकर वाचणारे प्रत्येक मूल स्वमग्न असते असा मात्र ह्याचा अर्थ कोणी घेऊ नये. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ डॅरोल्ड ट्रेफर्ट ह्यांनी अतिवाचक मुलांचे तीन गट पाडले होते. पहिल्या गटातील मुले केवळ हुशार, लवकर वाचू लागलेली. दुसऱ्या गटातील स्वमग्न. आणि तिसऱ्या गटातील मुलांमध्ये स्वमग्नतेसारखी लक्षणे दिसतात, पण वयाबरोबर ती मावळत जातात. ही वाटणी सर्वमान्य नाही. तथापि निदान करताना घाई नको, एवढा तिचा इशारा घेण्यासारखा आहे.

निदान झाल्यावर घराचा प्रश्न संपत नाही. तो तेथे सुरू होतो. पहिला प्रश्न असतो तो दोष कोणाचा हा. लिओ कॅनर ह्यांनी १९४३ साली अकरा मुलांची हकीकत लिहून स्वमग्नता वैद्यकाच्या पटावर आणली, पण त्याबरोबर ह्या मुलांचे आईबाप भावनेने थंड असतात असाही एक शेरा मारून ठेवला. ज्या वर्षी अतिवाचनाला नाव मिळाले त्याच १९६७ साली ब्रूनो बेटेलहाइम ह्यांचे एक पुस्तक निघाले आणि आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, हा समज त्याने कित्येक वर्षे घट्ट करून ठेवला. त्यापूर्वी तीन वर्षे बर्नार्ड रिमलंड ह्या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता, ह्या मताचे पुराव्यानिशी खंडन केले होते. तरीही ते मत मरावयास फार वेळ लागला. आपल्याकडे त्याचे देशी अवतार आहेत. आई शेतावर जाते म्हणून, गरोदरपणी ग्रहण पाहिले म्हणून, बाहेरचे काही लागले म्हणून. आणि अलीकडे, मुलाच्या हाती मोबाइल दिला म्हणून. मोबाइलवरील अक्षरांची गाणी पाहून मूल अक्षरे शिकले असेल. मोबाइलमुळे ते स्वमग्न झाले असे मात्र सिद्ध झालेले नाही. स्वमग्नता ही मेंदूच्या वाढीशी निगडित आणि पुष्कळ अंशी आनुवंशिक अशी गोष्ट आहे. आईला आरोपीच्या पिंजऱ्यातून सोडविणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

कॅनर ह्यांच्या अकरा मुलांतील पहिले मूल डोनाल्ड ट्रिप्लेट. दोन वर्षांचा होण्याआधीच त्याला स्तोत्र आणि धर्मशिक्षणातील पंचवीस प्रश्नोत्तरे तोंडपाठ होती. शंभरापर्यंत मोजता येत होते. वर्णमाला उलटसुलट येत होती. वडिलांनी त्याच्याविषयी कॅनर ह्यांना तेहतीस पानांचे पत्र पाठविले होते. हा डोनाल्ड मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट नावाच्या एका लहान गावात वाढला, तेथल्याच बँकेत त्याने नोकरी केली, मोटार चालविली, एकटा देशोदेशी हिंडला आणि २०२३ साली, वयाच्या ८९ व्या वर्षी वारला. घरची सुस्थिती त्याच्या उपयोगी पडली ह्यात शंका नाही. परंतु सारे गाव त्याला ओळखत होते आणि त्याच्या तऱ्हेवाईकपणाचा कोणाला त्रास वाटत नव्हता, हेही त्याच्या चरित्रकारांनी आवर्जून नोंदविले आहे. सातपुड्यातील पाड्यांवर बँका नसल्या तरी माणसे एकमेकांना ओळखतात.

दुसरा प्रश्न भाषेचा. ‘घरात एकच भाषा बोला, म्हणजे मूल गोंधळणार नाही’ असा सल्ला शहरातून दिला जातो आणि ती एक भाषा अर्थातच मराठी किंवा इंग्रजी असते. अनेक भाषा कानावर पडल्यामुळे स्वमग्न मुलाचे बोलणे मागे पडते, ह्याला आजवरच्या संशोधनाने दुजोरा दिलेला नाही. उलट, भिली बोलणाऱ्या घरात हा सल्ला पाळला तर मुलाशी दिवसभर बोलू शकणारी एकमेव व्यक्ती, म्हणजे आजी, मुकी होते. जे मूल आधीच माणसांपासून दूर आहे त्याच्याभोवतीची माणसे शास्त्राच्या नावाने कमी करणे ह्याला काय म्हणावे?

आणि तिसरा प्रश्न त्या वाचनाचेच काय करावयाचे हा. एके काळी हे वेड म्हणून पुस्तके काढून घ्यावी असे सांगणारे होते. आता मत बदलले आहे. ह्या मुलांना भाषा कानाने नव्हे तर डोळ्याने येत असेल, वाचन हीच त्यांची बोलण्याकडे जाणारी आडवाट असेल, असे २०१७ च्या त्या आढाव्याचे कर्तेही सुचवितात. म्हणून अक्षर हिरावून न घेता ते कामाला लावावे. ‘पाणी’ असे लिहिलेली चिठ्ठी माठावर चिकटवावी. मुलाने ती काढून हातात दिली की लगेच पाणी द्यावे. शब्दाने काहीतरी घडते ही जाणीव म्हणजेच अर्थाचा आरंभ. ‘जेवणार का?’ असे तोंडाने विचारून उत्तर येत नसेल तर ‘भाकरी’ आणि ‘भात’ असे दोन कागद पुढे ठेवावेत. दिवसाचा क्रम लिहून भिंतीला लावावा. नव्या, भीतीच्या प्रसंगाआधी त्या प्रसंगाची चार सोप्या वाक्यांची गोष्ट लिहून द्यावी. ही रीत अमेरिकन शिक्षिका कॅरल ग्रे ह्यांनी १९९१ च्या सुमारास रूढ केली. ह्यासाठी पाटी आणि खडू पुरतात.

सरकारी व्यवस्था कागदावर अगदीच नाही असे नाही. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि शाळा तपासतात आणि त्यांच्या यादीत वाढीतील विलंबही आहेत. २०१६ च्या कायद्याने स्वमग्नतेला एकवीस अपंगत्वांत स्थान दिले. प्रमाणपत्रासाठी चाळीस प्रश्नांची भारतीय मोजपट्टी आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा आहे. नंदुरबारात २०२० पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पण धडगावहून घाट उतरून नंदुरबारला येणे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडविणे. आणि वाचेचा उपचार एका दिवसाचा नसतो, तो आठवड्यामागून आठवडे चालावा लागतो. तेव्हा उपचार चालावयाचा असेल तर तो घरातच, घरच्यांच्या हातून चालला पाहिजे आणि तज्ज्ञाने महिन्या-दोन महिन्यांनी वाट दाखवावी, हाच मार्ग उरतो.

येथे एक अडचण अशी आहे की जी पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत सापडणार नाही. मुलाला जे शब्द सर्वांत चांगले कळतात ते लिहिलेले शब्द. आणि ज्या आईने ते लिहावयाचे तिला पुष्कळदा लिहिता येत नाही. मुलगा वाचतो आणि आई निरक्षर, अशा घरात चिठ्ठ्या लिहिणार कोण? अंगणवाडी सेविका आठवड्यातून एकदा चार ओळी लिहून देऊ शकेल. पण रोजचे काम बहुधा त्या थोरल्या बहिणीवर येईल, जिला ह्याच भावाचे नाव घेऊन बोलणी बसत आली. तिसरी-चौथीच्या मुलीला एवढे लिहिणे जमते. तिला मात्र घरात कोणीतरी सांगितले पाहिजे की भावाला वाचता येते ते तिच्यापेक्षा जास्त नव्हे, वेगळे. आणि तिच्या अक्षराची त्याला गरज आहे.

विशेषतः दिवाळीनंतर. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा भागांतून तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या गुजरातकडे आणि दक्षिणेकडे निघतात. रोजचा क्रम मोडला की कासावीस होणाऱ्या मुलाला ट्रकमध्ये बसवून अनोळखी फडावर नेणे म्हणजे त्याचे सारे जग एका रात्रीत उलटे करणे होय. मग ते रात्र रात्र ओरडते, मुकादम चिडतो आणि पुढच्या वर्षी त्या जोडप्याला कोणी उचल देत नाही. निघण्याच्या आधी आठ दिवस बहिणीने लिहावे: शुक्रवारी ट्रक. रात्री ट्रकमध्ये झोप. सकाळी नवी खोपी. आई तेथे. बाबा तेथे. आजी घरी. होळीला परत. हा कागद रोज वाचावा आणि बरोबर न्यावा. फक्त शेवटची ओळ लिहिण्यापूर्वी बापाने मुकादमाकडून पक्के करून घ्यावे, कारण ही मुले लिहिलेल्या शब्दाला धरून बसतात. होळीचा दिवस उजाडला आणि टोळी फडावरच असली, तर तो कागद पुन्हा कधी कामास येणार नाही.